चणे खाऊन राहिले

३ ऑगस्ट १९७८
उंदीर आले. चोवीस. पांढरे, सगळे नर, सगळे एका वयाचे. मॅडमनी (माझ्या गाइड, विभागप्रमुखही त्याच) एकाला उचललं, उलटसुलट पाहिलं आणि म्हणाल्या, "डॉक्टर, तुमची एम.डी. यांच्या शेपटीला बांधलेली आहे."
बारा पोहतील, बारा बसतील. रोज अर्धा तास, आठवड्याचे सहा दिवस, बारा आठवडे. मग मज्जारज्जू काढून कमरेच्या भागातल्या पुढच्या शिंगातल्या मोठ्या पेशी मोजायच्या. व्यायामानं स्नायू वाढतो हे आखाड्यातल्या पोरालाही माहीत आहे. त्या स्नायूला हुकूम सोडणारी पेशी बदलते का, एवढंच पाहायचं.
वहीत यापुढे पो. आणि ब.

४ ऑगस्ट
अॅनिमल हाउसचे अटेंडंट बापूराव (यापुढे बा.). पन्नाशीचे, कोष्टी. घरी दोन माग होते, आता एकही नाही. त्यांना शिंग समजावून सांगितलं: मज्जारज्जू आडवा कापला की आत फुलपाखरासारखा करडा भाग दिसतो, त्याच्या पुढच्या टोकांना शिंगं म्हणतात. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे उंदराले शिंगं असते, अन् ते बी पाठीत."
माझ्यावर हसले की विषयावर, कळलं नाही.

७ ऑगस्ट
सुरुवात. पत्र्याची टाकी, पाणी अंगाइतकं कोमट. पहिल्या दिवशी सगळे कडेला नखं लावून बसले. बा.नी एकेकाला बोटानं हलकेच मध्ये ढकललं. "चल गा, चल. फुकटचं खाऊ नको."
खाणं दोन्ही गटांना वजनानं सारखं: पोळी, दूध, भिजवलेले चणे. रजिस्टर मीच आखलं. तारीख, दिले, उरले, शेरा. बा. पेन्सिलीनं लिहितात, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं.

१० ऑगस्ट
हा विषय का घेतला असं कोणी विचारलेलं नाही. विचारायची गरज नसावी. मी व्हरांड्यातून येताना पावलांचा आवाज एक जड, एक हलका असा येतो, तो सगळ्यांना ऐकू येतो.
तिसऱ्या वर्षी पोलिओ. त्या तापानं ज्या पेशी मारल्या त्या याच, पुढच्या शिंगातल्या. सोळाव्या वर्षी गावाकडच्या डॉक्टरांनी आईला सांगितलं, जे गेलं ते गेलं, आता मेहनत नको. मला सुटल्यासारखं वाटलं होतं. व्यायाम बंद झाला तो आजतागायत.
पुस्तकात दिलंय की ज्या पेशी वाचतात त्या शेजारच्या मेलेल्या पेशीचे तंतू आपल्याकडे घेतात. शेजारची बाई गेली की तिच्या पोरांना जेवायला घालावं, तसं. त्या पेशींना कामाला लावलं तर त्या दणकट होतील की थकतील? माझा प्रश्न हा आहे. प्रबंधात तो कुठंच नाही.

२१ ऑगस्ट
पो. आता पाण्यात सोडलं की सरळ पोहतात. ब. चे सुस्त होत चाललेत.
'उरले' रकान्यात पो. समोर बा.चा रोजचा शेरा: "चणे खाऊन राहिले." ब. समोर: "काही नाही." म्हणजे पोहणाऱ्यांचं खाऊन उरतं आणि बसणारे सगळं फस्त करतात. उलट वाटलं होतं मला. लक्षात ठेवायचं.

२ सप्टेंबर
पोळा. बा. सकाळीच दारात. "साहेब, आज पोहणाऱ्यायले सुट्टी द्या."
"का?"
"पोळा आहे ना जी. आज काम करणाऱ्या जनावराले जुपत नाही."
सांगितलं, उंदीर बैल नव्हेत आणि बारा आठवड्यांत एक दिवस मोडला तर मी मॅडमना काय सांगू.  बा.नी अर्धा तास पुरा पोहवलं. नंतर पाहिलं तर बाराही जणांच्या कपाळाला हळदीचं बोट. सांगलीला आईला पत्रात कळवलं, हसेल.

१२ सप्टेंबर
भाषा यायला लागली. नागपुरात आल्या आल्या 'काहून' (म्हणजे का) ऐकलं की दचकायचो, आता दचकत नाही. आज भाजीवालीला चुकून मीच म्हणालो, काहून महाग? तिनं निम्म्यात दिली नाही, पण कौतुकानं पाहिलं.
चण्याचं पोतं अपेक्षेपेक्षा लवकर संपलं. बा.ना म्हणालो, घुशी असतील. म्हटलं, म्हणजे बाहेरचे उंदीर आतल्या उंदरांचं खातात. ते म्हणाले, "असंच चालते जी दुनियेत." फळी ठोकून घेतली.

९ ऑक्टोबर
वजनं घेतली. दोन्ही गट जवळजवळ सारखे. इतकं पोहूनही पो. वाळलेले नाहीत, अंगावर तुकतुकी आहे. मॅडम खूश. "तब्येत बिघडलेल्या उंदरांवर कोणी विश्वास ठेवत नाही, डॉक्टर. हे छान झालं."

३ नोव्हेंबर
संपलं. दिवसभर टेबलाशी. भूल, फॉर्मॅलिन, मज्जारज्जू. बा. सकाळी येऊन पिंजरे आणून देऊन गेले आणि दिवसभर बाहेर कडुनिंबाखाली बसून राहिले. (म्हणजे बसलेले होते. इथली भाषा माझ्या हातात उतरतेय.)
काही विशेष वाटलं नाही. संध्याकाळी जेवण गेलं नाही.

२० नोव्हेंबर
मेणात बसवलेले तुकडे मायक्रोटोमवर, म्हणजे काप काढायच्या यंत्रावर. थंडीत मेण तडकतं. पन्नास कापांतून पाच बरे. मॅडमनी स्लाइडांवरच्या चिठ्ठ्या काढून स्वतःचे आकडे घातले, कुठली पो. कुठली ब., ते त्यांच्या कपाटात कुलुपात. म्हणाल्या, "उंदराला मांजर साक्ष नको."
मला पटलं. माझ्याइतका पक्षपाती माणूस या कामाला दुसरा सापडला नसता.

१४ डिसेंबर
जांभळ्या रंगात पेशी. मोठी, कोनाकोनाची, मध्ये फिकं केंद्रक, केंद्रकात एक गडद टिंब. भोवती पट्ट्यापट्ट्यांचे कण, वाघाच्या कातड्यासारखे. याच कणांत पेशीचा कारखाना असतो असं म्हणतात. सूक्ष्मदर्शकाच्या आयपीसमधल्या पट्टीवर एकेक मोजतो. डोळे चुरचुरतात.
माझ्याही पाठीत अशा काही असतील. किती, ते बघायला मला आधी मरावं लागेल.

४ जानेवारी १९७९
मॅडमनी कपाट उघडलं, यादी जुळवली.
पो. च्या पेशी मोठ्या. खूप नाही. पण बाराच्या बारा जणांत, आणि पट्टे दाट. मॅडमनी दोनदा तपासलं, चष्मा काढला, म्हणाल्या, "डॉक्टर, हे खरं आहे."
खोलीवर चालत आलो. सीताबर्डीवर उभं राहून तर्री-पोहे खाल्ले. फार आनंद झाला. इथं लिहून ठेवतो, फार आनंद झाला.

१५ जानेवारी
सुरू केला. मीही.
खोलीवर करता येत नाही, घरमालकांच्या खिडकीतून दिसतं. सकाळी सातला अॅनिमल हाउसमध्ये करतो. गव्हाची पिशवी उजव्या घोट्याला बांधून पाय उचलणं, मग भिंतीला धरून टाचा उचलणं. उजव्यावर एकट्या शून्य. दोन्ही मिळून दहा.
पोटरी: उजवी २४.८, डावी ३२.६. शिंप्याची टेप.

२२ जानेवारी
प्रबंधाची चर्चा लिहिली. एक परिच्छेद मनासारखा जमला: पोहणाऱ्या उंदरांनी दिलेलं खाणं रोज उरवलं, म्हणजे व्यायामानं भूक किंचित मंदावते, आणि तरी वजन टिकलं, म्हणजे शरीर मिळालेल्या अन्नाचा वापर अधिक चांगला करतं, तेव्हा पेशींतला बदल आहाराचा असूच शकत नाही. मॅडमनी कडेला 'सुंदर' लिहिलं. त्या असं लिहीत नाहीत.

३१ जानेवारी
उजवी २५.०. टेप ओढली गेली असेल. पुन्हा मोजली, २५.०.
बा. येऊन झाडू मारतात, माझ्याकडे बघत नाहीत. बघत नाहीत हे बघण्यासारखं असतं.

६ फेब्रुवारी
सकाळी टेबलावर वाटीत भिजवलेले चणे. वर गुळाचा खडा.
"हे काय, बापूराव?"
"तुमच्यासाठी जी. तुम्ही मेहनत करून राहिले ना."
"पण चणे कशाला?"
"काम करते त्याले जास्त लागते. उंदरायले बी देत होतो ना मी. पोहून आले का मूठभर. बसलेल्यायले काहाले?"
दोन-चार खाल्ले होते. ते तोंडातच राहिले.
विचारलं, रोज? म्हणाले, रोज. विचारलं, रजिस्टरमध्ये का नाही लिहिलं?
म्हणाले, "लिहिलं ना. रोजच्या रोज लिहिलं."

त्याच दिवशी, दुपारी
रजिस्टर उघडून बसलो. तीन महिने, रोज, त्या सुंदर पेन्सिलीच्या अक्षरात: चणे खाऊन राहिले.
चणे खात आहेत.
मी वाचलं, खाऊन उरले. माझ्या डोक्यावर माझाच 'उरले' रकाना होता. बाजारात ऐकतो तेव्हा कळतं, व्हरांड्यात ऐकतो तेव्हा कळतं, कागदावर आलं की मी सांगलीचा. पोहणं झालं की ते मूठभर घालायचे, उंदीर खायला लागायचे आणि ते रजिस्टर घ्यायचे. जे डोळ्यांसमोर चाललं होतं ते लिहायचे. ब. समोर 'काही नाही', म्हणजे काही दिलं नाही.
आणि मी त्यावर परिच्छेद रचला. भूक मंदावते म्हणे.
घुशींनी पोतं संपवलं नव्हतं. वजन का टिकलं, तुकतुकी कुठून आली, सगळं तिथंच होतं. आधी पोटोबा, हे शाळेतल्या पोराला कळतं.

७ फेब्रुवारी
म्हणजे आता कळत नाही, पेशी पोहून मोठ्या झाल्या की चणे खाऊन. की दोन्हींनी. चिठ्ठ्या, कुलूप, मॅडमचं कपाट, सगळं चोख होतं. माझ्या डोळ्यांवरचा अविश्वास अगदी शास्त्रशुद्ध होता. कानांचा विचार कोणी केला नव्हता.
बा.ना सांगितलं. हातातली बादली खाली ठेवली.
"म्हंजे माह्यामुळं बिघडलं?"
"नाही. माझ्यामुळं. तुम्ही बरोबर लिहिलंत, मी चुकीचं वाचलं."
बादली पुन्हा उचलली. मग म्हणाले, "वाचाले काहून बसले जी? मले इचारलं असतं तं सांगतलं असतं."
खरं आहे. सहा महिने मी त्यांना सांगत होतो. विचारलं कधीच नाही.
राग येईल असं वाटलं होतं, त्यांचा. आला नाही. स्वतःचा आला.

९ फेब्रुवारी
हात दाखवून अवलक्षण. मॅडमना सगळं सांगितलं.
त्या हसल्या आधी, मनापासून. नागपूरच्या आहेत, त्यांना वाक्य वाचल्याबरोबर कळलं असतं. मग हसू थांबलं. त्यांनीही रजिस्टर उघडलं नव्हतं, माझा तक्ता पाहिला होता.
"काय करायचं म्हणता?"
"तेच विचारायला आलो."
"खाणं हवं तेवढं दिलं, असं एक वाक्य लिहा. अर्धे प्रबंध त्या वाक्यावर उभे आहेत."
"अर्ध्यांनाच हवं तेवढं दिलं, मॅडम."
त्यांनी पेन बंद केलं. "एम.डी. या सत्रात झाली नाही तर तुमची इथली नोकरी पक्की होत नाही, हे माहीत आहे ना? मी काय करा ते सांगणार नाही. सोमवारी या. जे आणाल त्यावर सही करीन."
हे जास्त वाईट. हुकूम दिला असता तर मानला असता किंवा मोडला असता.

१० फेब्रुवारी
पिशवी बांधली. टाचा. उजव्यावर एकट्या टाच जमिनीवरून सुटली, बोटभरही नाही, पण सुटली. एकदा.
मग आठवलं की सकाळी चणे खाल्लेत. बा. वाटी ठेवतातच, आणि न खाता परत द्यायला जीव धजत नाही.

११ फेब्रुवारी
दिवसभर खोलीवर. दोन कागद लिहिले.
पहिल्यात ते वाक्य आहे. कागद नीट आहे, कुठंही अडत नाही. वाचताना मलाच खरा वाटला.
दुसऱ्यात: पोहणाऱ्या गटाला रोज मोजमापाबाहेर चणे दिले गेले, संशोधकाने नोंद चुकीची वाचली, त्यामुळे बदलाचं कारण व्यायामच आहे असं म्हणता येत नाही. सोबत मुदतवाढीचा अर्ज.
हे मी प्रामाणिकपणासाठी करतोय असं वाटत नाही. पहिला कागद दिला तर मला एम.डी. मिळेल आणि आयुष्यभर दर सकाळी पिशवी बांधताना माहीत असेल की हे कशावरून करतोय ते मीच रचलंय. परीक्षकांना फसवता येईल. पायाला कसं फसवणार?

१२ फेब्रुवारी
दुसरा दिला. मॅडमनी वाचून सही केली. 'सुंदर' असलेलं पान उलटं ठेवलं आणि म्हणाल्या, "चार गट करा. आणि पुढे उन्हाळा आहे, लक्षात असू द्या. इथं माणसं टिकत नाहीत."
वाईट वाटतंय. मोठं काही केल्यासारखं वाटेल अशी समजूत होती, ते अजून आलेलं नाही.

१० मार्च
नवे अठ्ठेचाळीस. चार गट. पोहणारे-चणेवाले, पोहणारे-बिनचण्याचे, बसणारे-चणेवाले, बसणारे-बिनचण्याचे. बसणाऱ्यांनाही रोज टाकीच्या उथळ पाण्यात उभं करायचं, नाहीतर उन्हाळ्यात पोहणाऱ्यांनाच गारवा मिळाला असं कोणी म्हणेल. आता ताकही फुंकून पितो.
विद्यापीठाचं उत्तर नाही.

१४ मार्च
अडलं. बा. दुसऱ्या, बिनचण्याच्या पोहणाऱ्या गटाच्या खाण्याला हात लावत नाहीत.
"पोहवतो. पण पोहून आल्यावर उपाशी ठेवणं माह्याच्यानं होत नाही."
"उपाशी नाही, बापूराव. चौथ्या गटातल्या बसणाऱ्यांइतकंच देतोय."
"मेहनत करते ना तो? मंग बसणाऱ्याइतकं म्हंजे कमीच झालं."
त्याला उत्तर आहे, आहारशास्त्रात. दिलं नाही. त्यांच्या घरी मागावर बसणाऱ्याला आधी वाढायचे, मग बाकीच्यांना, असं ते म्हणाले. दुसऱ्या गटाचं खाणं मी घालणार असं ठरलं. रजिस्टरचा 'उरले' रकाना काढून टाकला. आता बा. तोंडी सांगतात, मी लिहितो आणि परत वाचून दाखवतो. "बरोबर लिहून राहिले," असं आज सर्टिफिकेट मिळालं.

२८ मार्च
ऊन तापलं. खिडक्यांना ओली पोती. दुसरा गट हडकुळा दिसायला लागलाय, पण पोहण्यात मागे नाही. तिसऱ्याला, बसून चणे खाणाऱ्यांना, बा. 'जावई' म्हणतात.
पेशींचं काय चाललंय ते ऑगस्टपर्यंत कळणार नाही. आईचं पत्र: कधी होतोस मोठा डॉक्टर. लिहिलं, उंदरांवर अवलंबून आहे.

११ एप्रिल
विद्यापीठाचं उत्तर अजून नाही. मॅडम म्हणतात, नकार असता तर लवकर आला असता.
सकाळी सातलाच उकडत होतं. पिशवी बांधली, टाचा झाल्या. उजव्यावर एकट्या तीन. दुपारी पिंजऱ्यांच्या पाट्या बदलत होतो, बा. शेजारी उभे राहून चारी गटांकडे आळीपाळीनं पाहत होते. मग एकदम म्हणाले,
"अन् तुम्ही कोणत्या गटात, साहेब?"
आठ महिन्यांत माझ्या पायाबद्दल त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. खरं तर कोणीही इतका सरळ विचारलेला पहिलाच.
मी सांगितलं की तीच पंचाईत आहे. व्यायामही करतो आणि तुमचे चणेही खातो. उद्या पाय सुधारला तरी कशानं ते कळणार नाही. त्यामुळे चणे बंद करायचे की व्यायाम, हे ठरवतोय. आणि एकट्याचा गट होत नाही.
त्यांनी ऐकून घेतलं, शिंगाचं ऐकलं होतं तितकंच नीट. मग म्हणाले, "दोन्ही करा ना जी. तुमाले कोण मोजून राहिलं?"
टेप खिशात होती. काढली नाही.